मनकर्णाबाईची हिरवी पोथी

तर काल ही गोष्ट सांगता सांगता मी कुलपापाशी थांबलो होतो. वाचनालयाच्या कपाटाला कमिटीतल्या देवानंदनं पितळी कुलूप घातलं, चावी करदोट्याला बांधली आणि मोबाइलवर गावाच्या ग्रुपात टाकलं, "आजपासून घाणेरडी पुस्तकं बंद." त्याखाली लोकांनी धडाधड अंगठे दिले. चांगले शिकलेसवरलेले लोक, दिले तर अंगठेच! आणि गंमत अशी, की ज्या एका पुस्तकासाठी हे सगळं रामायण झालं, ते त्या कपाटात नव्हतंच. ते होतं मनकर्णाबाईकडं.

आता तुम्ही म्हणाल, ही मनकर्णाबाई कोण? डोणगावच्या अलीकडं आमचं गाव, तिथली ही म्हातारी. शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. देवानंदची माय जनकाबाई दर श्रावणात मारुतीच्या सभामंडपात पोथी वाचायची आणि मनकर्णाबाई समोर बसून ऐकायची. ऐकता ऐकता ती बोट ठेवायला लागली, बोट ठेवता ठेवता वाचायला लागली. अक्षर अन् अक्षर जनकाबाईनं शिकवलं, पोथीवरूनच. जनकाबाई गेली, तेव्हा पोथी ठेवायची लाकडी घोडी आणि वर झाकायचं लाल फडकं मनकर्णाबाईकडं आलं. सोबत दोन नियमही आले. अर्धी वाचलेली पोथी घोडीवरून कोणी उचलायची नाही, हा एक. आणि समाप्ती झाली, की त्याच बैठकीला पहिलं पान वाचून ठेवायचं, म्हणजे पोथी बंद पडत नाही, हा दुसरा.

पण बाईची भूक पोथीवर भागेना. वाचनालयातून पुस्तकं न्यायला लागली. तिची आवड मोठी तिखट. "चंद्र, चांदणं, वारा आला का मी दोन पानं उलटवतो," म्हणायची. "मले माणसं पायजे. कोण कोणाले काय बोललं, ते सांगा." मला शिकारीच्या आणि मारामारीच्या गोष्टी आवडतात. तर मला म्हणे, "आबा, तुमच्या पुस्तकात बाई फक्त भाकर वाढाले येते."

यंदा श्रावण सरला तरी बाया दुपारच्या जमतच राहिल्या. मग मनकर्णाबाईनं हिरव्या पुठ्ठ्याची एक जाड कादंबरी आणली आणि त्याच घोडीवर मांडली. ती वाचायची आणि शेजारी बसलेली पुष्पाबाई अर्थ सांगायची, अगदी पोथीसारखं.

"म्हणजे बायाहो," पुष्पाबाई सांगायची, "हा नवरा तोंडानं गोड बोलून राह्यला, पण याच्या मनात काळं हाय."

"ते आमाले समजलं व! पुढं वाचू दे," मागून कोणीतरी ओरडायचं.

त्या कादंबरीतली बाई नवऱ्याचं घर सोडून नोकरीला निघते. पेटी घेऊन एस.टी. स्टँडवर उभी आहे, गाडी आधी येते की नवरा आधी येतो, अशा जागी वाचन थांबलं होतं. त्याच रात्री देवानंदच्या सुनेनं, रोज ऐकायला येणाऱ्या सारिकानं, जेवताना सासऱ्याला सांगितलं, "मामाजी, मले नर्सिंग शिकाचं हाय."

झालं! दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. कमिटीत मीही आहे. मी विचारलं, "पुस्तक कोणी वाचलं?" सगळे छताकडं पाहायला लागले.

"वाचाची काय गरज?" देवानंद म्हणाला. "वास आला का समजते."

"अबे, वास कुठून आला तुले? पुस्तक तर अजून पाह्यलं नाही तू!"

"आबा, तुमी मधात पडू नका. ते पुस्तक फाडून टाकाचं, असं ठरलं हाय."

माझं डोकंच फिरलं. मी नेतो त्या पुस्तकांत पाच-पाच मुडदे पडतात, त्यावर आजवर कोणाचा अर्ज आला नाही. मुडदे चालतात, बाई एस.टी.त बसलेली चालत नाही! जिनं गावातल्या बायांना अक्षर दाखवलं, तिच्या पोटच्या पोरानं पुस्तकांना कुलूप घालावं? आणि आम्ही कमिटीवाले चहा पिऊन उठलो. मी एकट्यानं 'नाही' म्हटलं. बाकीच्यांनी होकाराच्या माना हलवल्या. अजूनही ते आठवलं की माझा घास कडू होतो.

कुलूप घातल्याच्या दुसऱ्या दुपारी देवानंद पुस्तक न्यायला मारुतीच्या देवळात आला. मीही मागोमाग गेलो. बाया बसलेल्या. मधोमध घोडी, वर लाल फडकं, फडक्यावर बोटभर कुंकू. देवानंदनं चपला काढल्या, डोक्यावर रुमाल ओढला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं घोडीसमोर वाकून कपाळ टेकवलं. मग उठून आवाज चढवला.

"काकू, ते पुस्तक द्या."

"कोणतं बापू?"

"तेच, हिरव्या पुठ्ठ्याचं."

"आता कपाळ कशावर टेकवलं तू?"

मनकर्णाबाईनं फडकं बाजूला केलं. हिरवा पुठ्ठा! बायांनी पदर तोंडात कोंबले, तरी हसू बाहेर आलंच. देवानंद लालबुंद झाला.

"ही काही पोथी नाही!"

"मंग पाया काऊन पडला?"

त्यानं हात पुढं केला. मनकर्णाबाई जागची हलली नाही.

"अर्धी हाय," ती म्हणाली. "अर्धी उचलाची नसते, हे तुले मी सांगू? न्याची तर ने. पण तुह्या मायच्या घोडीवरून तूच आपल्या हातानं उचल."

त्यानं हात मागं घेतला. मग तो सगळ्यांदेखत म्हणाला, "ठीक हाय. समाप्ती करा. समाप्तीच्या दिवशी मी येतो, तवा पुस्तक माह्या हातात पायजे."

मी घरी येऊन जेवलो नाही. समाप्तीनंतर पुस्तक फाटणार, म्हणजे थोडं उशिरा फाटणार, एवढंच ना! मनकर्णाबाई मात्र रोज वाचत राहिली, चांदणंसुद्धा न उलटवता. पुस्तक लांबवत असेल, असं मला वाटलं.

समाप्तीचा शिरा जनकाबाईच्या घरून यायचा, हा जुना रिवाज. तो देवानंदला मोडता येईना, म्हणून परात घेऊन सारिका आली आणि बायांत बसली. शेवटचं पान झालं, नारळ फुटला. प्रसाद वाटायच्या वेळी देवानंद आला. सोबत कमिटीचे दोघं.

"झाली ना समाप्ती, काकू? द्या आता."

मनकर्णाबाईनं त्याच्या हातावर आधी शिरा ठेवला आणि म्हणाली, "झाली ना. पण तुह्या मायच्या रिवाजानं पहिलं पानही आत्ताच वाचून झालं, अन् ते तुह्या सारिकानं वाचलं. आता पोथी पुन्हा अर्धी हाय, बापू. समाप्ती झाली का ये, तवा देतो."