एकदा पाहू द्या, मग पेटवतो...

मागच्या महिन्यात बाबा गेले. बरेच जण मेसेज करून विचारत होते, पण उत्तर द्यायचं धाडसच होत नव्हतं. आज लिहितोय... बाबांबद्दल कमी आणि त्या सकाळी मला जी भीती वाटली तिच्याबद्दल जास्त.

बाबा दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. डॉक्टरांनी घरी येऊन तपासलं, ईसीजी काढला आणि मान हलवली. मी पुण्याहून निघालो आणि पहाटे गावी पोचलो.

आता बाबांची झोप म्हणजे काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. अमडापूरच्या बाजारात भाजीचं दुकान मांडून हा माणूस पोत्याला टेकून असा घोरायचा, की गिऱ्हाईक स्वतःच वांगी निवडायचं, तोलायचं आणि मग त्यांना हलवून उठवायचं. एकदा तर आईनं घाबरून रडारड सुरू केली, तेव्हा डोळे किलकिले करून म्हणाले, "जित्ता हाये ना मी, चहा मांड."

त्यामुळे अंगणात त्यांना निजवलेलं पाहिलं आणि माझ्या डोक्यात एकच किडा वळवळायला लागला... हे झोपलेच असले तर?

सांगणार कोणाला? चाळिशीचा बाप्या मी, आणि आईपुढे असलं काही बोलायची सोय नव्हती. तिरडीला खांदा दिला, पण सगळा जीव कानात गोळा झाला होता.

स्मशानात सरण रचलं. बाबांच्या छातीवर बाभळीचं जाड लाकूड ठेवलं तेव्हा माझाच श्वास अडकला. मडकं घेऊन फेऱ्या झाल्या, मडकं फुटलं, माझ्या हातात तुराट्यांची, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांची, पेटलेली जुडी आली.

आणि तेवढ्यात बाबांच्या तोंडाजवळचं पांढरं कापड हललं.

आई शप्पथ, हललं. वारा होता हे कळत होतं हो... पण आपण आपल्या हातानं जिवंत बापाला जाळतोय, हे एकदा मनात आलं की काही केल्या जात नाही. मी तसाच उभा. जाळ मनगटाला लागायला लागला.

"काऊन थांबला बे?" काका म्हणाले. हे बाबांचे धाकटे भाऊ, एक नंबरचे फटकळ. म्हटलं, आता चारचौघांत आपली खरडपट्टी निघणार. तरी तोंडातून निघूनच गेलं, "काका, मला एकदा पाहू द्या ना... झोपले असतील तर?"

मागून कोणीतरी पुटपुटलं, पोराच्या डोक्यावर परिणाम झाला म्हणून. काकांनी माझ्या हातातली जुडी काढून घेतली, बाजूला धरली आणि म्हणाले, "काढा बे ते लाकूड."

लाकूड काढलं. मी बाबांच्या छातीवर हात ठेवला, मग कान ठेवला. गालाला हात लावला तर दाढीचे खुंट टोचले, आणि खाली सगळं थंडगार.

"पाहून घे चांगलं. घाई नाई कोनाले." काका एवढंच बोलले. आणि खरंच कोणी घाई केली नाही... सगळी माणसं उन्हात गुपचूप उभी राहिली.

बाबा गेले होते. डॉक्टरांनी सांगून, आईला रडताना पाहून जे पटलं नव्हतं ते तिथे पटलं. मी मान हलवली, ते लाकूड परत ठेवायला स्वतः हात लावला आणि अग्नी दिला. भीती गेली असं खोटं नाही सांगणार.

परतताना नळावर हातपाय धूत होतो तर काका जवळ आले. आजूबाजूला कोणी नाही बघून हळूच म्हणाले, "रातभर मीबी तेच पाहून राह्यलो होतो बे. दादा आता उठन, मंग उठन... पन मले इचाराची हिंमत नोती." आणि तो साठीचा फटकळ माणूस, नळ तसाच चालू ठेवून, माझ्या खांद्यावर डोकं टेकून रडायला लागला.

अजूनही दुपारी कोणी गाढ झोपलेलं दिसलं की मी त्याची छाती हलतेय का ते बघत उभा राहतो. पण एक मागणं आहे... अशा वेळी कोणी वेड्यासारखं "थांबा" म्हटलं, तर त्याला हसू नका. जरा थांबा. त्याच्याशेजारी उभ्या असलेल्या कोणालातरी तेच म्हणायचं असतं.