लपवलेल्या सुऱ्या

तीन वर्षांपूर्वी, २ डिसेंबरला, मी भरताची नव्हे, भाजीची वांगी चिरायला घेतली आणि सुरी सालीवरून नुसती घसरायला लागली. आदल्याच आठवड्यात मामी तिला धार लावून गेल्या होत्या.

मामी म्हणजे माझ्या नवऱ्याची मामी. टाकवे बुद्रुकमध्ये आमच्याच आळीत राहायच्या, पण कुणाच्या घरी टेकल्या असतील तर शपथ. चहाचा कप अर्धा टाकून थेट ओट्याशी जायच्या, सुरी नखावर टेकवून बघायच्या आणि पिशवीतून दगड काढायच्या. "आगं, ही सुरी हाय का पळी?" बारसं असो, साखरपुडा असो, एकदा तर एका दहाव्यालाही मागच्या दारी बसून त्यांनी त्या घरच्या सुऱ्या घासल्या. हात रिकामे राहिले की त्यांचा जीव गुदमरायचा.

नुसती धारेची कड घासणाऱ्यांवर त्यांचा राग. "घासून घासून धारंमागचं पातं जाड झालंय. आदी त्ये उतरव!" सुरी दगडावर जवळजवळ आडवी धरून त्या दोन्ही अंगं पातळ करायच्या, मग पातं जरा उचलून धार काढायच्या. तो कोन शेवटपर्यंत हलायचा नाही.

त्या वर्षी हलायला लागला. हात थरथरायचा, धार बोथट आणि नागमोडी व्हायची. मामींची चाहूल लागली की आळीतल्या बायका सुरी तांदळाच्या डब्यात खुपसायच्या.

"समद्यांच्याच सुऱ्या कशा गं हरवत्यात?" मामी विचारायच्या.

त्या दुपारी त्या आल्या तेव्हा मी सुरी लपवली नाही. चेंगरलेलं वांगं पुढे ठेवलं. "मामी, तुमचा हात थरथरतोय. धार राहत नाही आता."

त्या दारापर्यंत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

"म्हंजी सुऱ्या हरवल्या न्हाईत."

"नाही."

"मग मी करू काय आता? टीव्ही बघत बसू?"

मी वांगं बाजूला सारलं. त्यांनीच दगड माझ्यापुढे आपटला. "घास. मी हितं बसती."

आणि खरंच बसल्या, माझ्याकडे पाठ करून. मी घासू लागले.

"हात उचाललास."

"तुम्ही बघताय कुठं?"

"आवाज बदलला की. आडवी धर, आडवी! गाडी सुटती का तुजी?"

मनगट भरून आलं तेव्हा कुठे त्यांनी सुरी नखावर टेकवली. "चालंल," एवढंच म्हणाल्या.

गेल्या वर्षी मामी गेल्या. दगड माझ्याकडे आहे, आणि लोकांच्या घरी चहा पिताना माझंही लक्ष ओट्याकडेच जातं. नवरा वैतागतो. वैतागू दे.

त्या वांग्यांच्या दिवशी मात्र मी पुढचा एवढा विचार केला नव्हता. दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन आळीत फिरले आणि घरोघरी तांदळाच्या डब्यातली सुरी मागितली.

"मामी घासणार?" शेजारणीनं हळूच विचारलं.

"मी घासणार," मी म्हटलं. "मामी ऐकणार. आण लवकर, त्या माझ्याकडे ओट्याशी येऊन बसल्यात."