भाऊजींची घंटा

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, बेटावरच्या जुन्या मठाचे राखणदार. बेट एवढंसं, सहा घरं, त्यातल्या पाच घरांना कुलूप. माझी होडी लोकांना तिथे नेते आणि परत आणते. काठावर उतरवताना मी एवढंच सांगतो की मठ संन्याशांनी स्वतः दगड फोडून बांधला, पुढचं आत सांगतील. आत भाऊजी दोन दोन तास सांगतात. ऐकणाऱ्यांचे पाय दुखतात, यांचं तोंड दुखत नाही.

कधीच मरून गेलेल्या त्या संन्याशांबद्दल ते शेजाऱ्यांबद्दल बोलावं तसं बोलतात. या खोलीतला तापट होता, त्या खोलीतला झोपाळू, कोपऱ्यातल्याला पाठदुखी. सगळ्या खोल्या रोज सकाळी स्वतः झाडतात. ताई म्हणायची, लग्न माझ्याशी झालंय हे यांना वर्षातून एकदा आठवतं. म्हणायची आणि यांच्यासाठी गरम पाणी काढून ठेवायची.

मठाला घंटा आहे. सकाळी सात टोले, संध्याकाळी सात टोले. त्याखेरीज ती वाजवायची एकाच कारणासाठी. कुणाच्या जिवावर बेतलं तर दोर ओढत राहायचं, होडी दिसेपर्यंत थांबायचं नाही. बेटावर मोबाईलला रेंज नाही आणि होडी असते माझ्या काठाला. घंटा ऐकली की हातातलं काम टाकून निघायचं, हे वडिलांनी होडीबरोबरच माझ्या गळ्यात घातलं होतं. ते स्वतः दोनदा असे निघाले होते. दोन्ही माणसं वाचली.

येणाऱ्या लोकांना घंटेला हात लावायची बंदी होती. ती बंदी मी उठवायला लावली. लोक कंटाळतात, नुसते दगड किती बघणार, एकदोन टोले वाजवू दिले तर खूश होऊन जातील, असं मी भाऊजींच्या मागे टुमणं लावलं. ते वर्षभर नाही म्हणाले. मग मी ताईला मधे घातलं. तिने सांगितलं, माझा भाऊ एवढं म्हणतोय तर वाजवू द्या की. भाऊजींनी तोंड पाडून मान हलवली. त्यानंतर मोठी माणसं लहान पोरांसारखी त्या दोराला लोंबकळू लागली आणि मी पलीकडे बसून त्यांच्या नावाने बोटं मोडू लागलो.

त्या दिवशी सकाळी मी सहाजणांना सोडून आलो होतो. एक वाजता न्यायला जायचं होतं. अकराच्या सुमाराला घंटा सुरू झाली. मी इंजिनाचा फिल्टर साफ करत होतो. मधे जरा थांबायची, पुन्हा सुरू व्हायची. शेजारी जाळं विणत बसलेला कोळी म्हणाला, आज फारच वाजतेय. मी म्हटलं, सहाजण आहेत, आळीपाळीने हौस फेडून घेतायत. हात कसे भरून येत नाहीत मेल्यांचे, असंही म्हटलं. मग फिल्टर बसवला, चहा प्यायलो. मधेच कधीतरी घंटा बंद पडली आणि मला बरं वाटलं.

ते सहाजण बेटाच्या दुसऱ्या टोकाला पाण्यात पाय सोडून बसले होते. घंटा भाऊजी वाजवत होते. ताईच्या छातीत कळ आली होती. दोर ओढायचा, घरात जाऊन तिला बघायचं, पुन्हा येऊन ओढायचा, असं त्यांनी पाऊण तास केलं. एक वाजता मी पोचलो तेव्हा ते तिचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. तळहात सोलून निघाले होते. होडीने वीस मिनिटं लागतात.

"तुला ऐकू नाही आली?" एवढंच त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, वारा उलटा होता, नाही आली. ताई समोर पडली होती आणि मी खोटं बोललो.

त्या खोट्यावर भाऊजी सहा महिने जगले. सगळा दोष त्यांनी घंटेवर ढकलला. शिडी लावून ती आतून घासली, आतला लोलक बदलून घेतला, मोठी घंटा द्या म्हणून विश्वस्तांना तीन पत्रं लिहिली. ती पत्रं मीच टपालात टाकली. लोकांना आता ते संन्याशांबद्दल काही सांगत नाहीत. आवाज पलीकडे पोचत नाही, आमची मंडळी त्यामुळे गेली, एवढंच सांगतात. लोक हळहळतात. मी मागे उभा असतो. तेव्हा पाण्यात उडी टाकावीशी वाटते, पण पोहता येतं.

गेल्या आठवड्यात त्यांनी मला बोलावून घेतलं. म्हणाले, उद्या कुणाला आणू नकोस, वारा त्या दिवसासारखाच आहे. मी अकराला वाजवतो, तू काठावर उभा राहा. ऐकू आली तर पांढरं कापड हलव, मी दुर्बिणीतून बघतो. विश्वस्तांना पुरावा लागतो.

अकराला मी उभा राहिलो. वारा खरंच उलटा होता. पहिला टोला स्पष्ट ऐकू आला. दुसराही आला. मी कापड मुठीत धरून ठेवलं. भाऊजी वाजवतच राहिले, मधे थांबत, पुन्हा वाजवत. दुर्बीण लावायला थांबत असावेत. मला मात्र ते पुन्हा घरात जाऊन ताईला बघून येतायत असंच वाटत होतं. मला ते सोसवेना. मी कापड वर केलं आणि हलवलं.

घंटा बंद झाली. मी होडी काढली.

ते धक्क्यावर उभे होते. मी होडी बांधली. म्हणालो, "भाऊजी, त्या दिवशीही आली होती. मला वाटलं, ते लोक वाजवतायत."

 त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"ती दर वेळी विचारत होती, ऐकू गेली असेल का," ते म्हणाले. "मी सांगत होतो, भाऊ आहे तुझा, निघाला असेल. शेवटी म्हणाली, मग आता वाजवू नका, तो घाबरेल. म्हणून थांबलो मी."

एवढं बोलून त्यांनी माझ्या होडीचा दोर सोडला आणि माझ्या हातात दिला.