गोळ्याचा माऊस

आप्पांच्या लॅपटॉपला आता अपडेट मिळणार नाहीत, नवा घ्या, असं महाडच्या दुकानदारानं सांगितलं आणि मला चेव आला. कचेरीत सगळ्यांच्या मशीनची नाडी मीच बघते, मग घरच्या कामाला दुकानदार कशाला? फुकट मिळणारी दुसरी सिस्टीम टाकायची ठरवून मी पेन ड्राइव्ह घेऊन तुडीलला, माहेरी गेले.

आप्पा, म्हणजे माझे वडील, निवृत्त शिक्षक. दर मार्चला चवदार तळ्यावर माणसं जमतात, तेव्हा वाटायला ते चार पानी पत्रक काढतात. आमच्या वस्तीतल्या म्हाताऱ्यांच्या आठवणी, स्वतः ऐकून स्वतः टाइप केलेल्या. हात थरथरायला लागला तरी त्यांनी ते सोडलं नव्हतं. त्या पत्रकापायीच ते घराबाहेर पडतात, चार माणसांत बसतात.

जुनं पुसण्याआधी नवी सिस्टीम पेन ड्राइव्हवरून चालवून बघता येते. आईला ते लगेच कळलं. "म्हंजे पेरायच्या आधी मूठभर भात वल्या गोणपाटात ठेवून उगवतंय का बघतो, तसंच की." मी यादी केली आणि एकेक तपासलं. वायफाय, आवाज, प्रिंटर, मराठी अक्षरं, सगळं चालत होतं.

लॅपटॉपला खाचा दोनच. एकीत प्रिंटर, दुसरीत आप्पांचा माऊस. जुना, बोजड, वर मोठा गोळा असलेला. तो जागचा हलत नाही, बोटांनी नुसता गोळा फिरवायचा. पेन ड्राइव्ह लावायला मी तो काढला. आप्पांनी विचारलं, "हा चालेल ना नव्यात?"

मी मान वर न करता म्हटलं, "नाही चालत असली जुनी धुडं. आता पॅडवर बोट फिरवायचं."

तपासलं नव्हतंच. यादीत तो नव्हताच.

जुनं पुसून नवी सिस्टीम टाकली आणि मी परतले. पंधरा दिवसांनी आईचा फोन आला. "ते बसतच नाय गो त्याच्यापुढं. औंदा पत्रक नाय म्हणतात."

मला राग आला. एवढं करून दिलं तरी यांचं आपलं रडगाणं आहेच. रविवारी गेले ती भांडायच्याच तयारीनं. "टाइप करून दाखवा," म्हटलं. थरथरतं बोट पॅडवर टेकलं की बाण उडायचा, लिहिता लिहिता अक्षरं भलत्याच ओळीत जायची. दोन ओळींनंतर आप्पांनी हात मांडीवर घेतला.

"सिस्टीम चांगली आहे. माझाच हात जुना झाला."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"तू सगळं तपासलं होतंस ना."

आई चुलीपाशी होती, तिथूनच म्हणाली, "गोणपाटात घातलंस ते ठीक गो. पण ज्याला पेरायचं हाय त्याला हात लावू दिलास का?"

माऊस तिनंच कपाटातून काढून दिला, फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी तो खाचेत घातला. खरंच चालला नाही तर? पॅड बंद केला आणि बाजूला सरकले. आप्पांनी गोळा फिरवला. बाण सरळ ओळीवर जाऊन थांबला.

"चालतो की," म्हणाले आणि लिहायला लागले. मला त्यांच्याकडे बघवेना.

पत्रक निघालं. तळ्यावर वाटताना मी शेवटचं पान पाहिलं. सगळ्यात खाली आभार मानले होते : 'संगणक मुलीने काळजीपूर्वक तपासून दिला.' आप्पांना टोमणा मारता येत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच ती ओळ मला अजून वाचवत नाही.