सदस्याच्या छायेत

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बहिणीला नाही. कवितेतही नाही — आणि कवितेच्या आडून मी आयुष्यात पुष्कळ काही सांगून मोकळी झाले आहे. मग हेच का राहिलं? कदाचित याला प्रतिमा सापडली नाही म्हणून. एक हात वर गेला, एवढीच तर घटना. पण तिथवर पोचायला मला वळसा घ्यावा लागतो. सरळ जाऊ पाहिलं की पाय अडतो.

सिंगापूरच्या बुकित तिमाह भागातल्या एका शाळेत मी इतिहास शिकवते. अमेरिकेच्या प्रजासत्ताकाच्या जन्माचा धडा दर वर्षी येतो. फिलाडेल्फियाचा उन्हाळा, जाड कोटातले पुरुष, आतलं बाहेर कळू नये म्हणून लावून घेतलेल्या खिडक्या — त्या खोलीतला घामाचा, मेणाचा, शाईचा वास मी मुलांना शब्दांनी हुंगवते. मग सांगते, की स्वातंत्र्यावर बोलणाऱ्या त्या माणसांनी तिथे एक सौदा केला. प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामांची डोकी मोजायची — तीही दर पाचांतली तीनच — पण त्यांना मत द्यायचं नाही. एखादी मुलगी विचारते, मिस, तिथे कुणालाच हे चूक वाटलं नाही? वाटलं होतं, मी म्हणते. त्यांतल्या काहींनी तरीही सही केली. आणि पाठ फिरवून फळा पुसू लागते.

फळ्यावर पुसण्यासारखं काही असतंच असं नाही.

दोन हजार तेराच्या जूनमध्ये समुद्रापलीकडच्या जळत्या रानांचा धूर सिंगापूरवर उतरला होता. जिभेवर राखेची चव, वाळत घातलेल्या कपड्यांना चुलीचा वास, आणि दिवसाढवळ्या तांब्याच्या नाण्यासारखा सूर्य. त्याच दिवसांत बेडोकच्या आसपासची आम्ही मराठी कुटुंबं मिळून एक मंडळ काढत होतो. नोंदणीसाठी घटना लागते. इंग्रजी मसुदा एक वकील करणार होते. सभासदांसाठी मराठी मसुदा माझ्याकडे आला. इतिहासाची शिक्षिका, शिवाय कविता करते — आणखी कोण?

आणि वसुधा. तिच्याविषयी लिहिताना मी अजून चाचरते, बघा. पुण्यात ती कॉलेजात संख्याशास्त्र शिकवायची. इथे नवऱ्याच्या, श्रीच्या, बदलीबरोबर आली — डिपेंडंट पासवर, म्हणजे त्याच्या नोकरीला टांगलेल्या परवान्यावर. पण हातावर हात ठेवून बसणं तिच्या स्वभावात नव्हतं. दर रविवारी आमच्या ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत ती मुलांचा मराठी वर्ग भरवायची. सिमेंटच्या फरशीवर रंगीत खडूंनी हातभर उंचीची अक्षरं काढायची; मुलं त्यांच्यावरून पावलं टाकत चालायची. माझी मुलगी ‘ळ’ असाच शिकली — पायांनी. शेजारच्या हॉकर सेंटरातल्या खाण्याच्या गाळ्यांतून कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, आणि तळलेल्या लसणाचा वास यायचा, आणि त्यात वसुधाचं ते गडगडाटी हसणं.

तिचं मागणं साधं होतं: मंडळातल्या प्रत्येक प्रौढ माणसाला मत हवं. मला म्हणाली होती, “अगं मृणाल, वर्ग मी चालवायचा आणि मत श्रीनं द्यायचं? त्याला अजून ‘ज्ञ’ काढता येत नाही गं!” आणि मग, हसणं ओसरल्यावर: “तू आत आहेस ना? तेवढं बोल माझ्या वतीनं.”

मी आत होते. घटना ठरवणाऱ्या समितीतली एकटी बाई — कारण माझ्याकडे माझ्या नोकरीचा, माझ्या नावाचा पास होता.

एका कॉन्डोच्या, म्हणजे खाजगी वसाहतीच्या, सभागृहात आम्ही बसलो. धुरामुळे खिडक्या लावलेल्या. मला मोह आवरला नाही. मी फिलाडेल्फियाची गोष्ट सांगितली आणि सुचवलं, की इथलं बोलणं इथेच राहावं. सगळे खूश झाले. किती सहज सुचलं मला ते! की बुद्धीला आधीच काही ठाऊक होतं?

अध्यक्ष सरदेशमुख मृदू बोलणारे गृहस्थ. मत फक्त नोकरीचा पास असणाऱ्याला, हा त्यांचा प्रस्ताव. “ज्याच्या पासवर घर उभं, त्याचं मत. साधी गोष्ट आहे, वहिनी. आणि तुमचं तर आहेच की!” त्याच बैठकीत त्यांनी कार्यक्रमांसाठी सभागृह मिळवण्याच्या अर्जात सदस्यसंख्या लिहिली — ती मात्र बायकामुलं धरून. मी ते पाहिलं. मोजायचं, पण विचारायचं नाही — हे मी त्याच वर्षी वर्गात शिकवलं होतं.

मी बोलले. आधी बोलले, हे खरं आहे. मग चहा आला. आलं घातलेला, उकळून कडवट झालेला. माझ्या कपात साखर घालत सरदेशमुख म्हणाले, “वार्षिक अंक तुम्हीच बघा हो. कवितेतलं आम्हाला काय कळतंय! फक्त आज ओढाताण नको.” अट नव्हती ती. अट असती तर मी कदाचित बाणेदारपणे नाकारली असती. एक अंक — कोऱ्या कागदाचा वास, मुखपृष्ठाच्या आत माझं नाव. परक्या शहरात माझ्या भाषेतलं एवढंसं राज्य.

चहानंतर हात वर झाले. मतं समसमान पडली. उरले होते मी.

माझा हात वर गेला. सरदेशमुखांच्या बाजूनं.

आणि कलमाची वाक्यरचना रुक्ष वाटू नये म्हणून मी ती घरी जाऊन सजवली: ‘कुटुंबातील अन्य व्यक्ती सदस्याच्या छायेत सर्व उपक्रमांत सहभागी होतील.’ छायेत! तो शब्द सुचल्यावर मला आनंद झाला होता. हेही सांगायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी खडूच्या अक्षरांवर उभ्या असलेल्या वसुधाला मी म्हटलं, “एकटी पडले गं मी. खूप भांडले.” तिनं मास्क खाली ओढला आणि मला मिठी मारली. तिच्या केसांना धुराचा वास होता.

दोन वर्षांनी श्रीचं आणि सरदेशमुखांचं गणपतीच्या कार्यक्रमावरून वाजलं. श्रीनं रागानं राजीनामा दिला. सदस्यच गेला, छाया कुठून राहणार? रविवारी, मुलांसमोर, सरदेशमुखांनी वसुधाला ते कलम वाचून दाखवलं, फार हळुवारपणे. वर्ग दुसऱ्या कुणाकडे गेला. मी तिथेच होते, मुलीला आणायला आलेली. वसुधानं ओंजळीतले खडू डब्यात ठेवले, एकेक करून, रंगांप्रमाणे. “मावशी नॉट कमिंग अलरेडी, आई? बट शी स्टार्टेड द क्लास, व्हॉट,” मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली. मी तिला चल म्हटलं.

पुढच्या वर्षी वसुधा पुण्याला परतली.

फिलाडेल्फियाच्या त्या खोलीतली माणसं थोड्याच वर्षांत दोन पक्षांत फुटली. टोपणनावांनी वर्तमानपत्रांतून एकमेकांवर तुटून पडली. आमचं मंडळही फुटलं. त्या वेळी मी जिवाचे कान करून ऐकत होते — आता कुणीतरी बोलेल, मृणालवहिनींचं मत कुठे पडलं ते. कुणी बोललं नाही. त्यांच्या लेखी ते गुपित नव्हतंच. ते विसरून गेले होते.

त्या गुलामांच्या यातनांशेजारी आमची ही गोष्ट ठेवणं निर्लज्जपणाचं होईल, मला कळतं. खोलीबाहेरच्यांची मी तुलना करत नाही. मी आत बसलेल्यांकडे पाहते. ज्यांना चूक आहे हे कळत होतं, त्यांच्याकडे. त्यांच्या चेहऱ्यांवर मला काही वेगळं दिसत नाही; चहा बरा होता, एवढंच दिसतं.

अंक निघाला. देखणा होता.

दर दिवाळीला वसुधाचा पुण्याहून निरोप येतो. शेवटी एकच ओळ, जराही न बदलणारी: ‘निदान तू तरी आत होतीस.’ मी उत्तरादाखल पणतीचं चित्र पाठवते.

याही वर्षी पाठवलं.