हाडं दुखतात, म्हणत होता

झरीच्या शाळेत फळ्याशी उभी होते, तेव्हा वापीच्या हॉस्पिटलातून वहिनीचा फोन आला. "अण्णा गेले." वर्ग तसाच सोडून बोर्डीला माहेरी पोहोचले, तर ओटीवर जमलेल्यांत कुजबुज चालली होती... शेवटी डोक्यानेच घात केला म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

माझा हा थोरला भाऊ तरुणपणी कधी दिवसेंदिवस झोपायचा नाही, कधी अंथरूण सोडायचा नाही. लिथियमच्या गोळीने त्याला माणसांत आणलं. चिकूची वाडी त्याने त्यानंतरच उभी केली, म्हणून गोळीला मी दोष देणार नाही. पण ही गोळी घेणाऱ्याचं रक्त अधूनमधून तपासायचं असतं, थायरॉईड आणि कॅल्शियम बघायचं असतं. आमच्याकडे मेडिकलवाल्याला जुनी चिठ्ठी दाखवून गोळ्या आणल्या की झाली काळजी. २०१४पासून अण्णा मंदावला. चेहरा सुजला, आवाज घोगरा झाला. धाकटा भाऊ सुरेश म्हणे, आळस भरलाय. मग सारखी तहान, आणि हाडांचं दुखणं. झाडाला लावलेली शिडी चढवेना. "डोकं बरं आहे गं माझं, हाडं दुखतात," तो मला म्हणायचा. घरात मात्र सगळ्यांचं एकच, मनाचे खेळ. फारच कण्हायला लागला तेव्हा सुरेशने दुकानातून कॅल्शियमच्या गोळ्या आणून सुरू केल्या. ते आगीत तेल होतं.

२०१८च्या पावसाळ्यानंतर अण्णा असंबद्ध बोलू लागला, उलट्या होऊ लागल्या. सुरेशने निदान केलं, परत डोकं फिरलं. झोपेच्या गोळ्या देऊन त्याला निजवून ठेवलं. वहिनीने हट्टाने वापीला नेलं, तोवर मूत्रपिंडं निकामी होत आली होती. मी भेटायला गेले तेव्हा तिथले डॉक्टर मला म्हणाले, "बेन, या गोळीने थायरॉईड मंदावतं, मग माणूस सुजतो, उन्हाळ्यातही गारठतो. त्या थायरॉईडच्या मागे बारीक ग्रंथी असतात. कधीकधी त्याही बिघडतात, मग हाडांतलं कॅल्शियम रक्तात उतरतं. वेळेवर तपासलं असतं तर इलाज होता." सुरेश खाली मान घालून ऐकत होता. त्याच्यावरचा माझा राग जाणार नाही. एकदा वेडा ठरलेल्या माणसाने साधं पोट दुखतं म्हणायचीही सोय नाही, असला आपला न्याय.

परवा अण्णाच्या खोलीत गेले. खुंटीवर त्याचा लोकरी स्वेटर होता. वैशाखात सगळे घामाने निथळत असताना तो हा घालून बसायचा आणि घरभर त्याची चेष्टा चालायची. सुरेशची बायको म्हणाली, "जुना झालाय, देऊन टाकू कोणाला तरी."

"राहू दे," वहिनी म्हणाली. "त्यांना थंडी वाजायची."

या वेळी कोणी हसलं नाही.