चारच्या आत सोडा म्हणणारा संशयित

ती बैलचोरी आठवली की आजही मला बसल्या जागी हसू फुटतं. तेहतीस वर्षांच्या नोकरीत खून, दरोडे, मारामाऱ्या सगळं पाहिलं. त्यातलं बरंचसं विसरलो, काही मुद्दाम विसरलो. पण ज्या तपासात फिर्यादी, साक्षीदार आणि संशयित यांच्यापेक्षा जास्त खोटं शेवटी मीच बोललो, तो तपास कसा विसरणार?

त्या वर्षी गुरांमध्ये लंपीची साथ आली होती. जनावराला ताप भरायचा, अंगभर गाठी उठायच्या, गाठी फुटल्या की जखमा व्हायच्या. हा आजार माश्या, गोचिडांमधून पसरतो, म्हणून गुरांचे बाजार बंद, वाहतूक बंद. मी तेव्हा वेल्हे भागातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. टेम्पो अडवायचा, ताडपत्री वर करायची, आत गुरं दिसली की परत पाठवायचं, हेच काम. त्या दोन महिन्यांत माणसांपेक्षा बैलांचेच कान मी जास्त तपासले असतील, कारण कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर जनावराचा नंबर असतो.

अशातच एका सकाळी साडेनऊच्या सुमारास, हजेरी नुकतीच झाली होती, तेव्हा गुंजवण्याच्या बाजूच्या एका वाडीतून म्हातारा-म्हातारी ठाण्यात आले. म्हाताऱ्याच्या डोळ्यांवर मोठा काळा चष्मा. म्हातारीने त्याचा हात धरला होता. त्यांना आपण तात्या आणि काकू म्हणू. चारच दिवसांपूर्वी भोरला तात्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. काकूंच्या हातात दवाखान्यातून मिळालेली पांढरी कापडी पिशवी होती, तिच्यावर एक टपोरा डोळा छापलेला. पिशवीतून कागद काढून त्यांनी टेबलावर ठेवले.

"साहेब, माजा हरण्या चोरीला गेला," तात्या म्हणाले. "बैल हाय माजा. आमी नव्हतो तवा नानाच्या गोठ्यात बांदलाता."

हा नाना कोण, ते हवालदारांनी मला समजावलं. ते स्वतः विंझरच्या शेतकरी घरातले. तात्यांकडे एक बैल, नानांकडे एक. दोघांनी आपापला बैल आणून जोडी करायची आणि दोघांची शेतं आळीपाळीने ओढायची, याला सावड म्हणतात. तात्या आणि नाना यांची सावड चाळीस वर्षांची. बैल बदलत गेले, सावड तीच राहिली. आताची जोडी म्हणजे तात्यांचा हरण्या आणि नानांचा नंद्या. घरी आल्यापासून काकू सांगत होत्या, हरण्या नानाकडे सुखात आहे. आदल्या दिवशी एक शेजारी विचारपूस करायला आला आणि सहज बोलून गेला, की नानांच्या गोठ्यात तर एकटा नंद्याच दिसतोय.

"नानावर तुमचा संशय?"

"न्हाई, न्हाई. नाना बी फसला आसंल. लाजंनं तोंड दाखवंना झालाय." मग तात्या टेबलाकडे झुकले. "साहेब, डोळा कशापायी केला म्हाईत हाय का? दोन वर्सं झाली, हरण्या मला नुसता धुरकट दिसतो. म्हनलं एकदा नीट बगावा. आता चष्मा निगंल तवा काय बगू? दावं?"

हे ऐकून मी जरा हललो. पण पोलिसाने हलून चालत नाही. तक्रारी अर्ज लिहून घेतला, ठाणे दैनंदिनीत नोंद केली, तात्यांना वीस-पंचवीस प्रश्न विचारले. बैलाचा रंग, शिंगं, वय, बिल्ल्याचा नंबर. तो नंबर मात्र काकूंनी कागद न बघता सांगितला. अर्जावर साक्षीदार म्हणून काकूंचा अंगठाही घेतला. त्या पूर्ण वेळ खाली मान घालून बसल्या होत्या. बैल गेल्याचं दुःख, असं मी समजलो.

मला चोरीपेक्षा भीती वेगळीच होती. चोरलेला बैल आजारी असेल आणि टेम्पोतून पुढे गेला असेल, तर वाटेवरच्या प्रत्येक वाडीला लंपीचा प्रसाद मिळणार. किकवीजवळ हायवेवर आमची नाकाबंदी होती, तिथे फोन केला. आठवड्याभरात एकही जनावर सुटलेलं नव्हतं. म्हणजे बैल आपल्याच खोऱ्यात होता.

अकराच्या आत खबर आली. वाडीच्या फाट्यावर एकाची चहाची टपरी आहे. हा माणूस चहा बरा करत नाही, पण नजर तयार. तो फोनवर म्हणाला, "साहेब, नानाचं काय तरी बिनसलंय. दिसातनं दोनदा वैरनीचा भारा घिऊन माळाकडं जातो, येताना मोकळा. आनि येताना वढ्यावर आंगूळ करतो. नुसती आंगूळ न्हाई, कापडं बदलतो, पाय घासतो, मंग घरला जातो. जन्मात एवढा सोच्छ नव्हता त्यो."

झालं. पोलिसी डोकं लगेच धावलं. माणूस गुन्ह्याच्या खुणा धुऊन टाकतोय. तात्यांचा भोळा विश्वास किती खोटा, असा मनातल्या मनात एक उपदेशही तयार झाला. जीप पाठवून नानांना चौकशीला बोलावलं.

नाना म्हणजे सत्तरीचा, काटक, गळ्यात माळ, डोक्याला टापशी. त्यांचे दोन्ही हात मनगटापर्यंत पिवळेधमक होते.

"हे काय?"

"हळद हाय."

"घरात लग्न आहे?"

"न्हाई."

"बैल कुठे आहे?"

"साहेब, म्या चोर न्हाई. पर बैल कुठं हाय त्ये बी सांगनार न्हाई."

तासभर मी सगळे प्रकार करून पाहिले. आवाज चढवला, आवाज उतरवला, चहा पाजला. हवालदारांनी वाडीच्या गोष्टी काढल्या. नाना सगळ्या विषयांवर दिलखुलास बोलत, बैलाचं नाव निघालं की तोंड मिटत. बैल विकला का, म्हणून विचारल्यावर मात्र त्यांना राग आला. "तात्याचा बैल म्या इकीन? आवो, त्याच्या डोळ्याला औशीद घालाया भोरला म्या घिऊन गेलोता," ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

चौकशीला आणलेला चोर सहसा दाराकडे बघतो. कोण आलं, कोण गेलं, आपलं कुणी फुटलं का, हे त्याला हवं असतं. नाना दाराकडे एकदाही बघत नव्हते. ते घड्याळाकडे बघत होते. अडीच वाजले, पावणेतीन झाले, तशी त्यांची चुळबुळ वाढत गेली. शेवटी ते हात जोडून उभे राहिले.

"साहेब, चारच्या आत सोडा. सा वाजता परत येतो, मंग म्हैनाभर बशीवा."

"चारला काय आहे?"

नानांनी पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. हवालदार मात्र खुर्चीतून पुढे झुकले. त्यांनी नानांचा हात उचलून नाकाशी नेला. "साहेब, नुसती हळद नाही. कडुनिंब आहे, लसूण आहे. आमच्या घरी पण हाच लेप चालू आहे, गाईला. सकाळी एकदा आणि चारला एकदा."

मग माझ्याही डोक्यात उजेड पडला. ओढ्यावरची अंघोळ खुणा धुवायला नव्हती. आजारी जनावराजवळून आल्यावर आपल्या गोठ्यातल्या जनावराकडे तसंच जायचं नाही, हे आम्हीच तर महिनाभर भोंग्यावरून ओरडत होतो. सगळ्या खोऱ्यात ते मनापासून पाळणारा एकच माणूस निघाला आणि त्यालाच मी संशयित करून बसवला होता.

"हरण्याला लंपी झाली, नाना?" मी विचारलं.

नानांनी टापशी काढून डोळ्यांना लावली. "तात्या भोरला गेला त्याच दिशी मानंला गाठी दिसल्या. सांगायचं कसं? डागदरनं सांगितलंय, रडायचं न्हाई, वाकायचं न्हाई, धुरात जायाचं न्हाई. आनि गोठ्यात धुरी पायजे. तात्याला कळलं तर त्यो हरण्याच्या गळ्यात पडून रडनार. बैल बी जायाचा आनि डोळा बी."

"मग जनावरांच्या डॉक्टरांना का नाही बोलावलं?"

"मोबाईलवर आलंतं, आजारी जनावर सरकार सुई मारून गाडतंय म्हनून."

हा निरोप कुणी पसरवला हे शेवटपर्यंत सापडलं नाही. सापडता तर त्याला मी नक्की घड्याळाकडे बघायला लावलं असतं. विंझरहून डॉक्टर मॅडमना जीपमध्ये घेतलं, नाना पुढे बसले आणि चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही माळावर पोहोचलो.

जुन्या खोपटाच्या चारी बाजूंना मऊ, विरलेली नऊवारी लुगडी ताणून बांधली होती, माश्या आत येऊ नयेत म्हणून. कडेला निंबाच्या पाल्याची धुरी. आत हरण्या उभा, मानेपासून पायापर्यंत हळद फासलेली, नवरदेवच जणू. नानांचा आवाज ऐकताच त्याने कान हलवले आणि वैरणीत तोंड घातलं. मॅडम हातमोजे चढवून आत गेल्या. बराच वेळ त्यांनी गाठी, डोळे, जीभ, खूर सगळं पाहिलं. आम्ही बाहेर उभे. नानांचे ओठ हलत होते.

"ताप उतरलाय," मॅडम बाहेर येत म्हणाल्या. "खातोय, रवंथ करतोय. दोन जखमा खोल आहेत, त्यांना मी औषध देते. वाचला हा. आजोबा, मला आधी कळवलं असतं तर आणखी लवकर बरा झाला असता. गाडायला नाही हो, आम्ही बरं करायला येतो."

नाना खाली बसले आणि जमिनीला हात लावून तो कपाळाला लावला. मी तिकडे न बघता खोपटात डोकावलो, आणि मधल्या खांबाच्या खुंटीवरून एक डोळा माझ्याकडे बघत होता. टपोरा, छापील डोळा. पांढऱ्या कापडी पिशवीवरचा. पिशवीत लसूण होता. भोरच्या दवाखान्याच्या दोन खेपांमध्ये दोन पिशव्या मिळाल्या होत्या. एक सकाळी काकूंच्या हातात होती, दुसरी इथे.

"नाना, ही लुगडी कुणाची?"

नाना पुन्हा भिंत शोधू लागले, पण माळावर भिंत नव्हती.

आम्ही वाडीत गेलो. तात्या आत झोपले होते. काकू अंगणात नाचणी पाखडत होत्या. जीप पाहून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"काकू, बैल चोरला कुणी ते तुम्हाला माहीत होतं. तरी तक्रारीवर साक्षीदार म्हणून अंगठा केलात?"

"तुमी म्हनला हितं अंगठा करा, केला," काकू शांतपणे म्हणाल्या. "म्या लई म्हनलं, उद्या जाऊ, परवा जाऊ. ह्ये ऐकंनात. एकलेच निगाले, आंदळ्यावानी. हात धरून आनाया नको? आनि साहेब, बैलाचं तुमी मला काय इचारलं का?"

हवालदार खोकत जीपच्या मागे गेले. ते खोकत नव्हते, हे मला चांगलं कळत होतं.

खरंच, मी तिला काहीच विचारलं नव्हतं. सगळं जाणणारी बाई माझ्यापासून हातभर अंतरावर बसली होती, बिल्ल्याचा नंबर तोंडपाठ सांगत होती, आणि मी तिचा फक्त अंगठा घेतला.

तेवढ्यात तात्या चाचपडत दाराशी आले. "कोन, साहेब का? लागला का तपास?"

अंगणात सगळे माझ्या तोंडाकडे बघू लागले. मी घसा साफ केला आणि पोलिसी आवाजात सांगितलं, "बैल सापडला. सुखरूप आहे. मात्र तो मुद्देमाल असल्यामुळे काही दिवस शासनाच्या ताब्यात राहील."

तात्या हरखले. मग त्यांना शंका आली. "ताब्यातल्याला मारत तर न्हाई नव्हं तुमी?"

"नाही."

"वैरन येळंवर देताय?"

"चारच्या ठोक्याला," मी म्हणालो. हे एवढं तरी खरं होतं.

पुढचे दिवस मजेत गेले. मॅडमनी वाडीतल्या सगळ्या निरोगी गुरांना लस टोचली. नाना स्वतः दारोदार फिरून मोबाईलवरचं खोटं असल्याचं सांगत होते. नंद्याला शेवटपर्यंत एक गाठही उठली नाही. त्या साली वाडीत आणखी तीन जनावरं आजारी पडली, पण तिघांच्याही मालकांनी पहिल्या दिवशी मॅडमना फोन केला आणि तिन्ही उठली. हवालदार रोज गस्तीच्या निमित्ताने मुद्देमाल पाहून येत आणि गंभीर चेहऱ्याने तात्यांना निरोप देत.

भोरच्या डॉक्टरांनी तात्यांचा डोळा तपासून चष्मा उतरवायची परवानगी दिली आणि इकडे मॅडमनीही हरण्याला मोकळं केलं. मी मुद्दाम त्या दिवशी वाडीत गेलो. नानांनी हरण्याला अंगणात आणलं. हळद धुतलेली, अंगावर ठिकठिकाणी केस गेलेले, वणाचे गोल डाग.

तात्यांनी बघितलं. जवळ गेले. एकेका वणावरून बोट फिरवलं. सगळं न सांगता कळलं त्यांना. त्यांनी नानांकडे बघितलं, मग काकूंकडे, आणि शेवटी माझ्याकडे.

"साहेब, तुमी बी?"

मी मान खाली घातली. नोकरीत इतकी खाली मान वरिष्ठांपुढेही घातली नव्हती.

तात्यांनी हरण्याच्या गळ्यात हात टाकला आणि ते रडायला लागले. काकू धावल्या. "आवो, रडू नका, डोळा..."

"डोळा बरा झालाय," तात्या म्हणाले. "आता रडू दे."

साथीमुळे त्या वर्षी पोळ्याची मिरवणूक निघाली नव्हती. काकूंनी त्या दिवशी पुरणपोळी केली. पहिली हरण्याला, दुसरी नंद्याला, तिसरी नानांना. आम्हाला चौथ्या पोळीपासून मिळाली, पण पोटभर मिळाली.

अर्ज निकाली काढायला तात्यांचा जबाब हवा होता. तो मी जेवल्यावर ओसरीवर बसून घेतला. इतके जबाब लिहिले, पण एवढा आनंदाने कुठला लिहिला नाही. तात्यांनी सांगितलं तसाच लिहिला: 'माझा बैल माझ्याच माणसांनी माझ्यापासून लपवून ठेवला होता. त्याबद्दल माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.' खाली तात्यांची आणि नानांची सही, काकूंचा अंगठा. अंगठा घेण्याआधी या वेळी मी काकूंना विचारलं, हे सगळं खरं आहे का. त्या म्हणाल्या, "हां, आता इचारलंत."

त्यानंतर नोकरीत जितके तपास केले, त्यात गप्प बसलेल्या माणसाला आधी विचारायची सवय लावून घेतली. त्याने माझे पुष्कळ हेलपाटे वाचले.

गेल्या हिवाळ्यात माझ्याही डोळ्याचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून, बायकोचा हात धरून घरी आलो. पायरी चढताच मी तिला पहिला प्रश्न विचारला, "खरं सांग, घरात माझ्यापासून काय लपवलं आहेस?"

ती म्हणाली, "ठाण्यात जायचं असेल तर चला. साक्षीदार म्हणून सही मी करते."